भट्टीचे मालक

पहाटे साडेचार

मोहाच्या झाडाखाली अजून काळोख आहे. बालोद जिल्ह्यातल्या डौंडी भागात, एका गोंड पाड्यावर मी रात्रीच मुक्कामाला आलो. रायपूरहून पहाटे निघून इथं वेळेवर पोचणं शक्य नव्हतं आणि मोह काही माणसांसाठी थांबत नाही. मार्चच्या मध्यापासून एप्रिल सरेपर्यंत तो रात्रीच्या शेवटच्या प्रहरात गळू लागतो, आणि ऊन चढायच्या आत वेचला नाही तर गुरं, माकडं आणि अस्वलं त्याचा फडशा पाडतात.

घरातली आजी, तिची सून आणि दोन नातवंडं वाकून वेचताहेत. चार दिवसांपूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळून त्यांनी जमीन साफ केली, म्हणून काळ्या राखेवर फिकट पिवळी फुलं बॅटरीशिवायही दिसतात. एक उचलून पाहिलं. मोह नाजूक नसतो. जाड, मांसल, आतून पोकळ, गोड रसानं टरारलेला. दहा-बारा फुलं वेचली की बोटं चिकट होतात आणि तो उग्र गोड वास दिवसभर हाताला राहतो. धाकटा नातू चार टोपलीत टाकतो, एक तोंडात. कुठलं झाड कुणाचं हे कुठल्याही सरकारी कागदावर नाही, पण पाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही.

छत्तीसगढच्या गावातल्या दारूच्या ठिकाणाचा आणि त्याच्या मालकांचा इतिहास मी गेले काही महिने गोळा करतो आहे. इकडं त्या जागेला भट्टी म्हणतात. रायपूर शहरात जिथं काहीच गाळलं जात नाही, नुसत्या सीलबंद बाटल्या विकल्या जातात, त्या सरकारी दुकानालाही लोक भट्टीच म्हणतात. भट्टीची गोष्ट सांगायची तर सुरुवात झाडापासूनच करायला हवी, कारण इथं तिला मालक नाही.

सकाळी सात

अंगणात कालपरवाची फुलं वाळत पडली आहेत. तीन-चार दिवसांत ती आक्रसून मनुकांसारखी लालसर तपकिरी होतात. मग वर्षभर टिकतात. काही भाजून खायला, काही बाजारात विकायला, काही गाळायला.

परसात आज गाळणं चालू आहे, घरात बारसं आहे म्हणून. आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरासाठी पाच लिटरपर्यंत मोहाची दारू ठेवायला राज्याचा कायदा मुभा देतो. भिजून आंबलेला मोह खालच्या मडक्यात, त्यावर दुसरं भांडं, त्यावर गार पाण्याचं पातेलं. सांधे चिकणमातीनं लिंपलेले. खालून मंद जाळ. वाफ वर जाते, गार बुडाला लागून थेंब होते आणि नळीवाटे बाहेरच्या भांड्यात टपकते. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. किती वेळा बदललं यावर दारूचा कडकपणा ठरतो. आजी ते मनात मोजत असते आणि मध्येच कुणी बोललं तर हातानं थांबवते. जाळ जास्त झाला तर दारूला करपट वास येतो. पहिल्या धारेची दारू तिनं पानाच्या द्रोणात घेतली, चार थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी टाकले, मग कडेला ठेवली. आधी देवाला, मग पाहुण्याला, मग घरच्यांना हा क्रम इथं कुणी मोडत नाही.

“घरात गाळलेली संपते, बाबू. दुकानातली संपत नाही,” ती म्हणाली. महिनाभर मी जे कागद चाळतो आहे त्यांचा अर्थ त्या एका वाक्यात आला होता. मोहाला हंगाम आहे, मडक्याला माप आहे, गाळायला निमित्त लागतं. या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या की उरते ती विक्री, आणि विक्री म्हटली की मालक आला.

हे चित्र फार गोंडस करायचं नाही. पाड्यात दारूपायी संसार मोडलेली दोन घरं आहेत आणि आजीनं ती मला बोटानं दाखवली. सरगुजाच्या राजमोहिनी देवींनी 1951 च्या दुष्काळानंतर आदिवासींमध्ये दारू सोडण्याची जी मोठी चळवळ उभी केली, ती आदिवासी बाईनंच उभी केली होती, बाहेरून कुणी येऊन नव्हे. 1989 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सकाळी साडेनऊ

दल्ली राजहरा. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं लाल मातीचं गाव. शहीद हॉस्पिटलसमोर चहा घेतला. जून 1977 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात इथले 11 कामगार मारले गेले, त्यांच्या नावानं 1983 मध्ये कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून हे हॉस्पिटल उभं केलं.

भट्टीच्या इतिहासात या गावाचं काय काम? फार मोठं काम आहे. शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघानं लढून खाणकामगारांची मजुरी वाढवून घेतली आणि ती वाढलेली मजुरी थेट दारूच्या दुकानात जाऊ लागली. तेव्हा संघटनेनं पगाराइतकाच दारूबंदीचा प्रश्न आपला मानला. बायका पुढं झाल्या, मोहल्ल्यामोहल्ल्यांत बैठका झाल्या, हजारो कामगारांनी दारू सोडली. दारूच्या ठेकेदारांचा धंदा बसला आणि नियोगींच्या शत्रूंत त्यांचीही भर पडली. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत त्यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली.

माझ्या मते स्वतंत्र भारतात भट्टीच्या मालकाला कुणी खरं आव्हान दिलं असेल तर ते या कामगारांनी. गिऱ्हाईकच संघटित झालं तेव्हा मालक पहिल्यांदा घाबरला. सरकारी बंदीच्या जोरावर हे झालेलं नव्हतं.

दुपारी बारा

बालोद–पुरूर रस्त्यावर चिरचारी गाव लागतं. रस्त्यालगतच बहादुर कलारीनची माची आहे. दगडी खांब, त्यांवर आडव्या शिळा, वर छप्पर असावं तसं अर्धवट काही. पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू. उन्हानं दगड इतके तापलेत की हात ठेववत नाही. खांबांवरची नक्षी झिजली आहे आणि कुणीतरी शेंदूर लावून नारळ फोडून गेलं आहे, कारण एके काळी दारू गाळणं हाच ज्याचा धंदा होता तो कलार समाज या बाईला कुलदेवी मानतो.

दंतकथा अशी. सोरर गावात दारू गाळून विकणारी एक देखणी बाई होती. शिकारीला आलेला राजा तिच्या दारात थांबला, तिच्यावर भाळला, परत येतो म्हणून गेला आणि आला नाही. तिला मुलगा झाला, छछान. मोठा झाल्यावर त्यानं बापाचं नाव विचारलं. राजांनी आपल्या आईचं काय केलं हे कळल्यावर त्यानं फौज जमवली आणि राजेरजवाड्यांच्या मुली पळवून आणायला सुरुवात केली. छै आगर छै कोरी, म्हणजे सहा कोडी आणि वर सहा, एकशे सव्वीस. त्यांच्याकडून तो धान्य कांडून घेई. गावाच्या आसपास खडकांत कोरलेली उखळं आजही लोक दाखवतात. आईनं समजावलं, तो ऐकेना. शेवटी तिनं गावाला सांगून ठेवलं की आज याला कुणी पाणी द्यायचं नाही. त्याला झणझणीत तिखट जेवण वाढलं. तहानेनं कासावीस होऊन तो दारोदार फिरला, एकाही घरानं घोटभर पाणी दिलं नाही. तो विहिरीवर वाकला आणि आईनं त्याला आत ढकललं. मग तिनं स्वतःच्या पोटात कट्यार मारून घेतली.

रायपूरचे हबीब तन्वीर यांनी 1978 मध्ये या कथेवर ‘बहादुर कलारिन’ हे नाटक केलं आणि फिदा बाईंनी त्यात कलारीन उभी केली. ‘चरणदास चोर’इतकं ते गाजलं नाही, पण माझ्या लेखी तन्वीरांच्या रंगभूमीवरची सर्वांत भारी बाई हीच. आई-मुलाच्या शोकांतिकेबद्दल या नाटकावर पुष्कळ लिहून झालं आहे. भट्टीच्या बाजूनं पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ही भट्टीची मालकीण गावात राहते. गाव तिचं ऐकतं आणि माजलेल्या माणसाला सगळं गाव मिळून पाणी नाकारू शकतं. मालक आणि गाव एकमेकांना बांधलेले आहेत. हे बंधन कसं तुटलं, तेच मला लिहायचं आहे.

माचीच्या सावलीत भाकरी सोडली. मी मराठी म्हणून शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “तुमच्याकडं नागपूरला कलार असतात का?” मी म्हटलं, “भरपूर आहेत, काका, आणि त्यातले बहुतेक आज शेती, नोकरी, दुकानदारी करतात.” “इथंही तसंच,” तो म्हणाला. “आमच्या घरात आजोबांनंतर कुणी भट्टी पाहिली नाही.”

दुपारी दोन

धमतरीत नुसतं पाणी प्यायला थांबलो. जवळच्या कंडेल गावचा कालव्याचा सत्याग्रह 1920 चा, आणि त्याच निमित्तानं त्या डिसेंबरात गांधीजी रायपूर-धमतरीला आले. सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत सुंदरलाल शर्मांबरोबर धमतरीचे नारायणराव मेघावाले होते. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतभर दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं झाली आणि दुकानांच्या लिलावावर बहिष्कार पडला. लोकांना तेव्हाच नेमकं कळलं होतं की दुकान बंद पाडायचं तर लिलाव बंद पाडला पाहिजे.

दुपारी साडेतीन

रायपूर. तात्यापाऱ्यातलं घर, टेबल, पंखा, कागद. दिवसातलं हे सर्वांत कोरडं काम, पण इथंच मालकांची वंशावळ सापडते, आणि तिच्यात आपण मराठी माणसंही आहोत.

1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले. 1787 मध्ये ते वारल्यावर नागपूरकर भोसल्यांनी इथं सुभेदार नेमले. भोसल्यांच्या वसुलीत जमीनमहसुलाखेरीज पाच नावं पुन्हा पुन्हा येतात. जमीनदारांकडून टकोली, मालाच्या ये-जा करण्यावर सायर, शेती न करणाऱ्यांवर पंडरी, दंडाची सेवाई, आणि दारूवर कलाली. कलार गाळतो, विकतो आणि सरकारात कर भरतो. राज्याचा हात पहिल्यांदा मडक्यापर्यंत पोचला तो असा. पण गाळणारा अजून गावातलाच होता.

1818 मध्ये इंग्रजांच्या देखरेखीचा काळ सुरू झाला. कर्नल अ‍ॅग्न्यूनं कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं आणि हे शहर त्यानंतर वाढलं. 1830 मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला, 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि खरा बदल तिथून सुरू झाला. दारू ही उत्पन्नाची बाब ठरली. आउटस्टिल म्हणत ती पद्धत आली. भट्ट्यांचा लिलाव व्हायचा आणि सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला त्या हद्दीत गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता मिळायचा. बोली फुगली की ती वसूल करायला विक्री फुगवावी लागे. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या मोह शिजत होता, त्यानं आता स्वतःच्या परसात गाळला तर तो गुन्हेगार. बोली लावू शकणारा पैसेवाला मालक झाला. तो गावचा असेल, नसेलही.

जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 1871 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरच्या आपल्या पुस्तकात कलालांवर, म्हणजे कलारांवर, आसूड ओढले आहेत. उधारीवर दारू पाजून हे लोक गोंडाला नागवतात, असं त्याचं म्हणणं. त्यातलं पुष्कळसं खरं असावं. गावचा मालक म्हणजे साधुसंत, असा माझा दावा मुळीच नाही. पण त्या कलालाला बोलीच्या चरकात घालणारी पद्धत फोर्सिथच्याच सरकारची होती, हे वाचताना विसरू नये.

आपल्या बाजूलाही हेच चाललं होतं. मुंबई सरकारनं 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा केला. दारूवर नव्हे, फुलं बाळगण्यावरच निर्बंध. झाडाखालचं फूल वेचणं संशयास्पद झालं. महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध उठायला 2021 साल उजाडावं लागलं. गोव्यात मात्र काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिथली गावातली ताव्हेर्न आजही एखाद्या कुटुंबाच्या नावानं चालते. लोक तिथं बसतात, गप्पा मारतात, मालकाला नावानं हाक मारतात. मोहाच्या वाट्याला तो मान आला नाही.

मध्य प्रांताचा अबकारी कायदा 1915 चा. छत्तीसगढमध्ये आजही त्याच कायद्याखाली दारू विकली जाते. इंग्रज गेले, प्रांताचं राज्य झालं, 2000 मध्ये त्याचे तुकडे होऊन छत्तीसगढ जन्माला आलं, ठेकेदार बदलत राहिले. मग 1 एप्रिल 2017 पासून सरकारनं ठेकेदारच काढून टाकले. छत्तीसगढ स्टेट मार्केटिंग कॉर्पोरेशन लिमिटेड ही सरकारी कंपनी राज्यभरातली दारूची दुकानं स्वतः चालवू लागली. ज्या भट्टीला एके काळी मालकच नव्हता, तिचा मालक आता सरकार आहे.

संध्याकाळी साडेसहा

शहराबाहेर, धानाची शेतं सुरू होतात तिथं सरकारी दुकान. पत्र्याची शेड, लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी, वर कॅमेरा. गिऱ्हाइकांना रांगेत धरायला लोखंडी पाइप, जनावरांच्या बाजारात असतात तसे. रांगेत गवंडी, हमाल, रिक्षावाले, जवळच्या गावातले शेतकरी. दोन शब्द पुरतात, “प्लेन” किंवा “मसाला”, पैसे आत जातात, पौवा बाहेर येतो. या देशी दारूत मोह नाही, कारखान्यातलं स्पिरिट आहे. आतला पोरगा मजुरीवर आहे, गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघायलाही त्याला सवड नाही. कुणाला जास्त झाली आहे, कुणाच्या घरी आज चूल पेटायची आहे, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही आणि ठाऊक असलं तरी नाही म्हणायचा अधिकार नाही.

बसायला जागा नाही. माणसं बांधावर, नाल्याच्या कडेला, उभ्या ट्रकच्या आडोशाला जातात. पाण्याचं पाउच दातानं फोडायचं, प्लास्टिकच्या पेल्यात ओतायचं, दोन घोटांत संपवायचं. सकाळी ज्या दारूचे थेंब आधी जमिनीला दिले गेले, तिच्या नावावर चाललेला हा व्यवहार पाहताना मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

थोड्या अंतरावर एक बाई चखणा विकते. उकडलेले चणे, अंडी, मुर्रा म्हणजे चुरमुरे, चिरलेला कांदा. गिऱ्हाइकांना ती नावानं ओळखते. एकाला तिनं अंडं दिलं आणि सांगितलं, “भैया, आता घरी जा. पोरगी मघाशी शोधत आली होती.” तो गेला. या सगळ्या पसाऱ्यात यजमानाचं काम करणारी ती एकटीच होती, आणि तिचं दुकान तेवढं बेकायदा.

रात्री दहा

खिडकी बंद झाली. आतली मंडळी दिवसाचा हिशेब लावताहेत. बाहेर बाटल्यांचा खच पडला आहे आणि पहाटे भंगारवाली पोरं येऊन तो उचलतील.

2018 च्या निवडणुकीत दारूबंदीचं आश्वासन देऊन निवडून आलेल्या पक्षानं पाच वर्षं राज्य केलं, बंदी झाली नाही. मे 2020 मध्ये टाळेबंदीत शाळा बंद असताना दारू मात्र ऑनलाइन मागवून घरपोच मिळत होती. राज्याला उत्पन्न हवं आहे आणि दुकानदार तेच आहे, तर दुकान बंद करा म्हणून दाद कुणाकडं मागायची? ठेकेदाराविरुद्ध लोक निदान सरकारकडं जात होते.

सरसकट बंदीनं प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर या आपल्याच जिल्ह्यांचा अनुभव समोर आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत 1993 पासून ती टिकून आहे, आणि तिच्यामागं गावागावांतल्या लोकांची चळवळ होती म्हणूनच टिकली. कायदा मागून आला. मला हवा आहे तो निर्णय गावाच्या हातात. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा आणि पंचायतींना दारूवर बंदी घालायचा किंवा नियंत्रण ठेवायचा अधिकार दिला आणि छत्तीसगढनं त्याचे नियम 2022 मध्ये केले. म्हणजे सकाळच्या त्या गोंड पाड्याला तो अधिकार कागदावर तरी आहे. संध्याकाळी मी उभा होतो त्या रायपूरजवळच्या गावाला तोही नाही, कारण रायपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. छत्तीसगढमधल्या प्रत्येक गावाला, तिथल्या बायकांना, आपल्या हद्दीतलं दुकान मतदानानं बंद करायचा हक्क मिळाला पाहिजे. विधानसभेत एकाही आमदारानं ही मागणी लावून धरली तर मी त्याच्या सभेला जाईन.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांना हा हक्क आधीच मिळालेला आहे. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूनं, नियमात ठरलेली मतं पडली की गावातलं किंवा वॉर्डातलं दुकान बंद करावं लागतं. तुमच्या गावातलं दुकान तुम्हाला नको असेल तर सह्या गोळा करा आणि मतदान मागा.